चावलेल्या हाताचा तपास

ताईंचा विश्वास कुणावर म्हणून नव्हता. दूधवाल्याच्या मापावर नव्हता, आणि हसून बोलणाऱ्या माणसावर तर मुळीच नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "ही देवाकडूनसुद्धा पावती घेईल." पण हीच खोड पोटापाण्याला उपयोगी पडली. ऑटिझम असलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना रोजची कामं शिकवायची, आणि कुणी डोकं आपटत असेल, स्वतःला चावत असेल, तर ते का, हे शोधायचं, असं ताईंचं काम. त्याआधी काय झालं आणि त्यानंतर त्या माणसाला काय मिळालं, ही दोन्ही टोकं बघायची. त्याला संशयी डोळा लागतो.

सध्या त्या धाकट्याकडे जात होत्या. धाकटा म्हणजे तिशी ओलांडलेला, दार अडवून उभा राहील असा बाप्या. बोलत नसे. आईवडील गेल्यावर तो थोरल्या भावाकडे, दादांकडे राहायला आला. दादांचं चष्म्यांचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. ताईंनी धाकट्याला शर्टाची बटणं लावायला शिकवली, मोज्यांच्या जोड्या लावायला शिकवलं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मध्येच तो स्वतःच्या डाव्या हाताला चावू लागला. चांगलं रक्त निघेपर्यंत. जखम भरते न भरते तोच पुन्हा. डॉक्टरांनी बजावलं, असंच चाललं तर बोटं गमवावी लागतील. एका निवासी संस्थेत जागा रिकामी झाली होती. महिनाअखेर फरक पडला नाही तर धाकट्याला तिथे ठेवायचं, हे दादांनी डोळे पुसत कबूल केलं.

ताईंना वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. धाकटा ताईंसमोर कधी चावत नसे, दादांसमोरही नाही. चावायचा दुपारी, घरात वहिनी एकट्या असताना.

वहिनी म्हणजे दादांची बायको. तोंडावर हसू नाही. ताई आल्या की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. "आज पुन्हा चावले भाऊजी," हे त्या दळण आणायचं राहिलं असं सांगावं तसं सांगत. आणि एकदा ताईंनी त्यांना फोनवर बोलताना ऐकलं, "तिथे गेले तर त्यांचंच बरं होईल."

झालं! ताईंच्या डोक्यात खटला चालून निकालही लागला. ही बाई त्याला चिमटे काढत असणार, नाहीतर उपाशी ठेवत असणार. दीर संस्थेत गेला की हिचा सुंठीवाचून खोकला गेला. दादा मात्र देवमाणूस. चावल्याचं कळलं की दुकान नोकरावर टाकून धावत येतात.

मग एका दुपारी ताई वेळेआधीच गेल्या, त्याही मागच्या दारानं, चपला हातात घेऊन. चोर पकडायचा तर चोरपावलांनीच जायला हवं. दाराच्या फटीला डोळा लावून त्या उभ्या राहिल्या.

वहिनी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. धाकट्याचं जेवण झालेलं दिसत होतं. रिकामं ताट टेबलावर होतं. तो खिडकीतून गल्ली बघत होता. बराच वेळ बघून झाल्यावर त्याने शांतपणे बाही वर सारली, हात तोंडात घातला आणि चावला.

"भाऊजी, नको!" वहिनी धावल्या. पण तोवर त्याने हात सोडलाही होता. रक्त आलंय का ते बघितलं, टेबलावरचा वहिनींचा फोन उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

वहिनींनी फोन लावला. थोड्याच वेळात दादा घामाघूम होऊन आले, जमिनीवर बसले, धाकट्याचा हात मांडीवर घेऊन फुंकर घालू लागले. "काय झालं रे माझ्या सोन्या?" धाकटा डोळे मिटून सुखानं डोलत होता.

ताई आत शिरल्या आणि स्वयंपाकघरात वहिनींना गाठून त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, वहिनी?"

"दुकान वाढवलं तेव्हापासून हे दुपारचे जेवायला येत नाहीत. तेव्हापासून हेच चाललंय."

"मग सांगितलं का नाही?"

"ह्यांना काय सांगू? तुमच्या मायेपायी भावाचा हात सडतोय म्हणून? बायको भावाभावांत फूट पाडते म्हणाले असते सगळे. संस्थेत निदान हात तरी वाचेल, म्हणून मी गप्प." त्यांनी ताईंच्या हातातल्या चपलांकडे बघितलं. "तुम्ही तरी वेगळं काय म्हणाला असतात?"

ताईंचा चेहरा पडला. चावल्यावर त्याला काय मिळतं, हा धंद्यातला पहिला प्रश्न. गुन्हेगार आधीच ठरवल्यामुळे तो विचारायचाच राहिला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा! त्यांनी चपला खाली ठेवल्या आणि दादांना सगळं सांगितलं.

"म्हणजे मी येऊच नको?" दादांचा आवाज चिरकला.

"या. रोज जेवायला या, पण त्याने चावायच्या आधी. चावला तर पट्टी वहिनी बांधतील, तुम्हाला फोन जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दादा जेवायला आले आणि जमिनीवर बसले. ताई आणि वहिनी शेजारीशेजारी उभ्या होत्या. ताईंचा या उपायावरही पुरता विश्वास नव्हता. धाकट्याने दादांकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. काल बांधलेली पट्टी कोरडी होती. त्याने हात उलटा करून बघितला. दादा का आले, हे त्याला कळेना. हात तोंडाकडे जाऊ लागला. वहिनींनी ताईंचं मनगट घट्ट धरलं.

अर्ध्यावर तो हात थांबला. मग धाकटा दादांशेजारी खाली बसला आणि त्याने तो दादांच्या मांडीवर ठेवला.

रक्त नव्हतं, तरी दादांनी फुंकर घातली.