पाहुण्यांसाठी घासलेली बाग

सुमनआत्या गेल्याचं कळलं तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, मागच्या अंगणात सुपाऱ्या निवडत बसले होते. आत्याच्या कॉलेजातला शिपाई शहरातून, खाडीवरचा भाट्याचा पूल ओलांडून सायकलने आला होता. "बाई जिना चढता चढता मधेच बसल्या, त्या उठल्याच नाहीत," एवढंच तो बोलला. अण्णा म्हणाले, "उन्हातून आलास, आधी पाणी घे." सख्खी धाकटी बहीण गेली होती आणि हे तांब्या शोधत होते... दारात पाहुणा आला की आमच्या घराला दुसरं काही सुचत नाही. आत्याची आठवण लिहायची तर मला या खोडीपासूनच सुरुवात करावी लागते.

आत्या वनस्पतीशास्त्र शिकवायची. शहरात एका खोलीत एकटी राहायची आणि रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. गळ्यात काळ्या दोऱ्यात बांधलेलं भिंग, हातात छत्री. घरात शिरण्याआधी ती बागेत शिरायची आणि आंब्याच्या बुंध्याला नाक लावून उभी राहायची. आई हाक मारायची, "वन्सं, आधी माणसांना तरी भेटा!" बुंध्यांवर राखाडी, हिरवट, पांढुरक्या खपल्या असतात ना, त्यांचा तिला नाद. गोड्या मसाल्यात आपण टाकतो त्या दगडफुलाची ही भावंडं, असं ती सांगायची. "याला मूळ नाही गो. झाडाचं हे काही खात नाही. जे मिळायचं ते हवेतून, पावसातून. म्हणून हवा नासली की सगळ्यांत आधी हे जातं. आपल्याला कळायच्या कितीतरी आधी."

हवा नासली होतीच. शहराच्या पलीकडच्या अंगाला एका कारखान्याचं धुराडं उभं राहिलं, आणि त्याचा धूर वाऱ्याबरोबर जाई तिथेच इब्राहीमभाईंची आंब्याची कलमं होती. आखातात उमेदीची वर्षं घालवून त्यांनी ती बाग उभी केली होती. मोहोर करपायला लागला. कारखानेवाले म्हणत, धुक्याने करपतो. इब्राहीमभाईंच्या बुंध्यांवरच्या खपल्याही नाहीशा झाल्या होत्या, आणि गंमत अशी, की झाडं साफ झाली म्हणून त्यांना आधी बरंच वाटलं होतं! आत्याने त्यांना समजावलं. मग ती सुट्ट्यांमध्ये वणवण फिरली. तिकडच्या बागा आणि इकडच्या, सारख्या वयाची झाडं, एकच जात. तिकडचे बुंधे बोडके, आमचे खपल्यांनी भरलेले. अर्ज-विनंत्या करून तिने सरकारी साहेबांना पाहणीसाठी यायला लावलं. सकाळी इब्राहीमभाईंची बाग बघायची आणि दुपारी आमची.

साहेब येणार म्हटल्यावर अण्णांच्या अंगात आलं. "साहेबलोक येणारेत नि बुंधे असे, कोड फुटल्यासारखे? लोक काय म्हणतील?" आदल्या दिवशी त्यांनी गडी लावले. नारळाच्या सोडणांनी एकेक बुंधा घासून काढला, वर गेरू आणि चुन्याचे पट्टे मारले. मी आणि आईने पाणी ओढून दिलं. आत्या कशासाठी धडपडतेय ते अण्णांना धड ठाऊक नव्हतं. मला थोडंफार ठाऊक होतं. पण अण्णांसमोर बोलायची आमच्याकडे रीतच नव्हती, आणि ती रीत मला तेव्हा फार सोयीची वाटली.

दुपारी जीप आली. आत्या उतरली, तिने बागेकडे पाहिलं आणि तिचा हात नुसताच भिंगावर गेला. साहेब म्हणाले, "बाई, तिथेही काही नाही, इथेही काही नाही. मग फरक कसला दाखवताय?" आणि अण्णांकडे वळून त्यांनी विचारलं, "बाग नेहमी अशीच असते का हो?" अण्णा फुलून म्हणाले, "नेहमीच! आमच्या झाडावर खपली औषधाला सापडायची नाही." मी सरबताचा ट्रे धरून उभी होते. आत्याने एकदा अण्णांकडे पाहिलं, मग साहेबांना म्हणाली, "माझी पाहण्यात चूक झाली असेल." जिने आयुष्यभर पाहण्याचंच काम केलं, तिने हे म्हणावं! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. साहेब हसले, आणि त्यांनी सरबत मागून घेतलं.

संध्याकाळी तिला एस.टी.ला पोचवायला मी गेले. वाटेत ती म्हणाली, "दादाला काही सांगू नको हां. चारचौघांत खोटा पडला असता तो."

"आणि इब्राहीमभाईंची कलमं?"

"त्याचीच तर लाज वाटते," ती म्हणाली. "भावाची अब्रू राखली मी, आणि किंमत दुसऱ्याच्या झाडांनी द्यायची." गाडी आली. त्यानंतर ती रविवारी येत राहिली, पण सरळ ओटीवर यायची. बागेत ती परत गेली नाही. अण्णांना वाटायचं, बहिणीचं एकदाचं खूळ उतरलं.

कारखाना चालूच राहिला, आणि इब्राहीमभाईंनी पुढे निम्मी बाग तोडली. आत्याच्या तेराव्यानंतर ते भेटायला आले. अण्णांनी त्यांना झोपाळ्यावर बसवलं, आईने चहा पुढे ठेवला. इब्राहीमभाई म्हणाले, "बाईंनी आमच्यासाठी लय पायपीट केली. अंदाज चुकला त्यांचा, त्याला काय करणार? माणूस चुकतो." माझ्याच्याने राहवलं नाही. अण्णांच्या देखत मी पहिल्यांदा तोंड उघडलं. खपल्या म्हणजे काय, आत्याला काय दाखवायचं होतं आणि आदल्या दिवशी बागेत काय झालं, सगळं सांगितलं. सांगताना माझी मान वर होत नव्हती. अण्णा ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग ते म्हणाले, "खरं आहे, इब्राहीम. घासली होती बाग. आणि तिच्या देखत मी साहेबांना म्हणालो, नेहमी अशीच असते."

इब्राहीमभाईंनी टोपी नीट केली, उठले आणि पायऱ्या उतरून गेले.

चहाला त्यांनी हात लावला नव्हता. पाहुण्याला असं जाऊ देणारे अण्णा नव्हेत. पण त्या दिवशी त्यांना "चहा तरी घेऊन जा" म्हणवलं नाही, आणि मलाही नाही.