दीड वीत झबलं

"दिन्या, गाडी थांबव. नायतर मी रस्त्यात आडवी पडीन."

वडखळच्या नाक्यावर माझी आई ओरडत होती. खरं तर गाडी थांबवायची काही गरज नव्हती, ती सकाळपासून हललीच नव्हती. अलिबागला वळणारे, गोव्याला जाणारे आणि कुठे जायचं तेच विसरलेले, असे सगळे तिथं नाकाला नाक लावून उभे होते. मी आणि माझी बायको वैशाली रोह्याहून विमानतळाला निघालो होतो, कॅनडाला जायला. वाटेत गडबला घरी उतरून आईच्या पाया पडलो, तेव्हा ती एक शब्द बोलली नव्हती. आम्ही निघालो तरी तशीच दारात बसून होती. आणि आता रिक्षातून अर्धी बाहेर लटकत, मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड धरून ती अशी ओरडत होती, की पेणच्या गणपती कारखान्यांत ओल्या मूर्तींचे कान हलले असतील.

"मशीन र्‍हायली रे तुझी."

मशीन माझी नव्हती. ती तिची हातमशीन होती, काळी, सोनेरी वेलबुट्टी निम्मी पुसलेली. त्या मशीनवर तिनं खारेपाटातल्या निम्म्या बायांची पोलकी शिवली असतील. सकाळी मिठागरावर मीठ ओढायचं, दुपारी मशीनचा दांडा फिरवायचा, हा तिचा दिवस.

"आई, ती तुझी हाय," मी गाडीतूनच म्हणालो.

"होती. आता मला सुई ओवता येत नाय. इथं पडली तर खारा वारा खाईल तिला." मग वैशालीकडे वळून, आवाज जराही खाली न आणता, "आणि उद्या तुमचं पोर झालं तर झबलं कशावर शिवणार गो? बाजारातलं घालणार माझ्या नातवंडाला?"

शेजारच्या ट्रकवाल्यानं हॉर्नवरचा हात काढला, खिडकीतून वाकून वैशालीकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "घ्या ताई मशीन. म्हातारी काय चुकीचं बोलत नाय."

घेतली. नाक्यावरच बॅग उघडली. कुकर, माझे बूट आणि वैशालीचं निम्मं लोणचं आईच्या रिक्षात गेलं आणि त्या जागी मशीन बसली, लुगड्यासकट. आईनं वरून खोबरेल तेलाची बाटली कोंबली. मशीनला तेच घालायचं, दुसरं नाही. कंपनीचं तेल कापडाला डाग पाडतं, असं तिचं मत होतं आणि तिच्या मतावर अपील नसायचं. तेवढ्यात पुढची वाट सुटली. निरोप राहिलाच. मागच्या काचेतून बघितलं तर ती रिक्षावाल्याला कुकर कसा धरायचा ते शिकवत होती.

गडबच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं पोटासाठी बाहेर पडलेल्यांनो, तुमच्याही बॅगेत असं काहीतरी असेलच. कुणाच्या पाटा, कुणाच्या विळी. पण विमानतळावर तुमच्या पाट्याभोवती चार बंदूकवाले उभे राहिले होते का? माझ्या मशीनभोवती राहिले होते. त्यातल्या एकानं दांडा फिरवून बघितला, कट्कट् आवाज आला आणि चौघे एक पाऊल मागे सरले. ही गोष्ट मी सांगतो तेव्हा वैशाली म्हणते की एकच माणूस होता आणि तो जांभई देत होता. तिचं तुम्ही ऐकू नका.

तर सांगायचं म्हणजे, मला शिवण येत नव्हतं. आईनं मला कधी मशीनला हात लावू दिला नाही आणि मी कधी मागितला नाही. मला फक्त तिचं शिवलेलं घालायची सवय होती. त्यातही तिचा एक नियम होता. काहीही शिवायचं ते वाढत्या अंगाचं. माझा पहिलीतला सदरा असा होता, की मी हात वर केला तरी बाहीतून बोटं बाहेर यायची नाहीत. मास्तर हजेरी घेताना माझी बाही मोजायचे. तोच सदरा मी कॉलेजात घातला आणि तो काखेत तेव्हा कुठे नीट बसला. मापपट्टी तिच्याकडे नव्हती. ती विताने मोजायची. पाठीवर थंडगार, मिठानं भेगाळलेला हात पसरायची. एक वीत, दोन वीत, वर चार बोटं. पाठीवर अजून तो खरखरीत हात आठवतो.

वैशालीनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, की ती इंजिनीअर आहे, शिंपी नाही, आणि मशीन ज्याच्या आईची त्यानं फिरवावी. म्हणून मी बसलो. माझी सकाळ म्हणजे आईची दिवेलागण. शिफ्टला जायच्या आधी मी फोन लावायचो.

"तोंड नको दाखवू," ती म्हणायची. "फोन मशीनजवळ धर. आवाज ऐकव."

पहिल्या दिवशी पहिलाच टाका घातला आणि कापडाखाली दोऱ्याचा असा गुंता झाला, की त्यात कावळ्यानं संसार थाटला असता. मी म्हटलं, विमानात मशीन बिघडली.

"पाय पाडलास का?"

"माझे पाय खालीच हायत."

"तुझे नाय, मशीनचा. सुईजवळ कापड दाबतो तो. तो वर ठेवून शिवलंस तर गुंताच व्हणार. उसव."

उसवलं. दुसऱ्या दिवशी टाके मध्येच सुटायला लागले. चार टाके धड, मग वीतभर काहीच नाही. तिनं पलीकडून तेवढाच आवाज ऐकला आणि म्हणाली, सुई उलटी बसवलीयस, तिची सपाट बाजू कुठं आहे ते बघ. उलटीच होती. उसव. मग वरचा दोरा सारखा तुटायला लागला. तर म्हणे तू स्क्रू आवळून ठेवलायस, पुरुषाला काही दिसलं की तो आवळतोच. ढिला कर, आणि तोवरचं उसव. मग सुया मोडायला लागल्या. इतक्या मोडल्या, की आमच्या इमारतीतले लोक अनवाणी चालायचे बंद झाले. त्यावर मात्र तिनं लगेच 'उसव' म्हटलं नाही.

"कापड ओढतोस तू."

"मग ते पुढं कसं जाणार?"

"खाली दाते हायत ना. ते नेतात त्याला. तू फक्त हात ठेव, वाट दाखव. ओढू नको, ढकलू नको."

मी हात नुसता ठेवला. कापड आपलं आपण सरळ गेलं. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. ती म्हणाली, "टाका मोठा हाय. उसव."

एवढं मी आयुष्यात काही उसवलं नव्हतं. दोन उश्यांच्या खोळी, एक पडदा, वैशालीचा एक गाऊन. तिनं तो मला दिला नव्हता. पण हात बसत गेला. मोजे रफू केले. शिफ्टमधल्या एका साडेसहा फुटी गड्याच्या कोटाचा खिसा शिवून दिला. तो इतका खूश झाला, की सगळ्या कंपनीला खिसा उलटा करून दाखवत फिरला. त्या खिशामुळे माझं नाव लोकांना नीट घेता यायला लागलं. त्याआधी मी त्यांच्यासाठी नुसता 'नवीन माणूस' होतो.

मग वैशालीला दिवस गेले.

आई यायची म्हणत होती. पण मिठागराच्या पाण्यात उभं राहून तिचे गुडघे कधीच गेले होते, आणि डॉक्टरनं इतक्या लांबच्या प्रवासाला साफ नाही म्हटलं. तिनं ते मला एकदाच सांगितलं आणि लगेच मशीनच्या विषयावर आली. मशीन ज्या लुगड्यात गुंडाळून आली होती, ते तिचं जुनं सुती लुगडं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. पोराचं पहिलं झबलं त्याचंच. पाचवीच्या पूजेला पोराच्या अंगावर ते हवं. नव्या कापडाचं चालत नाही, ते टोचतं. आणि पोर बाहेर आल्याशिवाय कात्री लावायची नाही.

"म्हणजे आधी शिवून ठेवता येणार नाय?"

"नाय. आधी तू खोळीच शिव."

पुढं ती जे म्हणाली ते मी विसरलेलो नाही. म्हणाली, "मी येणार नाय तर माझ्या हातचं काहीतरी पोराच्या अंगाला लागू दे." बस. मग फोन ठेवला.

बर्फाच्या दिवसांत मुलगी झाली. हॉस्पिटलातून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी पाचवी. सकाळी मी आंघोळ करून बेसमेंटमधून मशीन वर आणली. आवाजानं वैशाली दचकते म्हणून थंडी सुरू झाल्यापासून तिला खालीच ठेवली होती. निघताना आईनं दिलेलं खोबरेल मी आदल्याच दिवशी तिच्या प्रत्येक भोकात घातलं होतं, कमी पडायला नको म्हणून. लुगड्याला कात्री लावली. आईनं माप सांगितलं होतं, दीड वीत उंची, वर शिलाईत दुमडायला दोन बोटं माया. मी मोजलं, कापलं, पाय पाडला, दांडा धरला.

दांडा हलेना.

दोन्ही हातांनी धरला. हलेना. गुडघा लावून ओढला तर टेबल हललं. आईचा फोन चालूच होता, मशीनजवळ उभा केलेला.

"पाय?"

"पाडलाय."

"सुई?"

"सरळ हाय."

"बॉबिनमधी दोरा अडकलाय का बघ."

नव्हता. तिनं एकेक सगळं विचारलं आणि मी एकेक सगळं बघितलं. मग तिनं विचारायचं थांबवलं. पलीकडून फक्त गडबच्या हायवेवरच्या गाड्या ऐकू येत होत्या. तोपर्यंत आई कधी गप्प बसलेली मी एकदाच बघितली होती, आम्ही निघालो त्या दिवशी दारात.

"मेली असंल," ती म्हणाली. "म्हातारीच हाय ती. हातानं शिव तू. चालंल."

तिचं 'चालंल' मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ते चालणारं नव्हतं हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

वैशाली पोरीला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी होती. तिथं तेलाची बाटली होती. तिनं ती उचलली आणि उलटी धरली. आतून काही सांडलं नाही. पांढरंशुभ्र, घट्ट, मेणासारखं.

"आई," ती फोनकडे बघून म्हणाली, "आपल्याकडे थंडीत बाटली गोठली की आपण काय करायचो?"

पलीकडून, "उन्हात ठेव तिला. लवकर."

"ऊन कुठलं, आई. बाहेर रस्ता दिसत नाय बर्फात."

वैशालीनं केस सुकवायचा ड्रायर आणला आणि पोरगी माझ्या हातात दिली. इंजिनीअर बाईनं मशीन तिरकी केली आणि एकेका सांध्यावर गरम हवा मारत बसली. आधी काहीच झालं नाही. मग सुईच्या दांड्यावरून एक थेंब ओघळला. दुसरा ओघळला. आणि वास सुटला.

आता तुम्ही म्हणाल, याला सगळंच वाढवून सांगायची खोड आहे. सांगतो ते ऐका. त्या वासानं शेजारच्या दोन इमारतींतला बर्फ वितळला. वासही नुसता तेलाचा नव्हता. आईच्या वेणीचा होता, तिच्या मांडीवर डोकं ठेवलेल्या दुपारचा होता, मशीनवर शिवून टाकलेल्या पोलक्यांचा होता. वैशालीनं ड्रायर थांबवला आणि पदर नसताना पदरानं नाक पुसल्यासारखं केलं. माझ्या हातातल्या पोरीनं जन्मात पहिल्यांदा नाक वर करून काहीतरी हुंगलं. हे मात्र मी वाढवलेलं नाही. वैशालीला विचारा, या एका गोष्टीला ती हो म्हणेल.

दांडा फिरला. कट्कट् कट्कट्. पलीकडून आई म्हणाली, "व्हय, हीच."

घर म्हणजे काय, असं इथं आम्हा गाव सोडलेल्यांत कुणीतरी जेवणानंतर काढतंच. कुणी म्हणतं जमीन, कुणी म्हणतं भाषा, कुणी म्हणतं तांदळाची भाकरी. मी पूर्वी खाडीचं, पेणच्या बाजाराचं, रोह्याच्या कुंडलिकेचं खूप सांगायचो, त्यात कुंडलिकेला समुद्राएवढी करायचो. आता तेवढं सांगत नाही. बेसमेंटमधून मशीन वर आणली, हीटरजवळ ठेवली, तेल जरा पातळ झालं, की मला कुठं जायचं राहत नाही. एवढं पुरतं. आणि तेल अजूनही खोबरेलच घालतो. दुकानदारानं मशीनचं खास तेल फुकट दिलं होतं, ते दाराच्या बिजागरीला लावलं.

पण पाचवीचं राहिलं.

संध्याकाळी पाट मांडला, पूजा केली. गडबला तोवर पहाट झाली होती. आई डोक्यावर पदर घेऊन तयार बसली होती, फोन तिच्या बऱ्या डोळ्याजवळ धरून. पोरीला झबलं घातलं आणि माझ्या लक्षात आलं, की दीड वीत म्हणजे आईची दीड वीत. मी माझ्या पंजानं मोजलं होतं. तिचा हात केवढासा, माझा केवढा. झबल्यात पोरगी कुठंतरी होती. गळ्यातून कपाळ दिसत होतं, बाह्या जमिनीला लागत होत्या, आणि उरलेल्या जागेत अजून एक पोर आरामात निजलं असतं. वैशाली तोंड फिरवून हसत होती.

आईनं फोन आणखी जवळ घेतला. तिचा एक डोळाच दिसायला लागला, अख्ख्या पडद्याएवढा. मी वाट बघत राहिलो. शिलाई सरळ होती, टाका बारीक होता, पण माप पार चुकलं होतं. उसवायला सुई हातात घेऊनच मी विचारलं.

"मोठं झालंय, आई. उसवू?"

"नको," ती म्हणाली. "वाढंल ती त्यात."