त्या सकाळी वारा नव्हता

विमान धावपट्टी सोडून डावीकडे निघालं तेव्हा मी उजव्या खुर्चीत होते. मी को-पायलट. विमान चालवत होते ते कॅप्टन माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, आणि त्या सकाळी आम्हाला उशीर झाला होता.

उड्डाणाआधी दोन्ही इंजिनांचा जोर थोडा वाढवायचा आणि तो सारखा झाला की मगच पूर्ण जोर द्यायचा. काही सेकंदांचं काम. डावं इंजिन मागे राहिलंय हे मला समोरच्या पडद्यावर दिसत होतं.

"सर, डावं मागे आहे."

"येईल, येईल," म्हणत त्यांनी इंजिनांचे दोन्ही लिव्हर पुढे ढकलले.

उजवं इंजिन गरजलं, डावं रेंगाळलं, आणि विमानाचं नाक वळायला लागलं. त्यांनी उजवं पेडल तळापर्यंत दाबलं. पण तेवढ्या कमी वेगात शेपटी पायाचं ऐकत नाही. "स्टॉप! स्टॉप!" मी ओरडले. लिव्हर मागे यायला जो वेळ लागला, तेवढ्यात कडेचे दिवे चाकांखाली गेले. मग गवत, चिखल, एक मोठा हादरा. थांबलो.

सगळे वाचले. एका आजींचं मनगट मोडलं.

शिडीवरून उतरताना कॅप्टन हळूच म्हणाले, "वाऱ्याचा झोत आला. दोघांनी तेच लिहायचं. तुझंही करिअर आहे."

वारा नव्हता. त्याची दिशा दाखवणारी कापडी नळी खांबाला चिकटून लोंबत होती. मी ती बघितली आणि शिडी उतरत राहिले.

नायगावची आमची चाळ पाडल्यापासून आम्ही परळला भाड्याने राहतो. घरी पोचले तर जुन्या चाळीतल्या काकू येऊन बसलेल्या. तिरकं झालेलं विमान त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. "एवढं मोठं धूड बाईमाणसाच्या हातात द्यायचं म्हणजे..." त्या आईला सांगत होत्या.

"काकू, माझ्या हातात नव्हतं," मी म्हणाले. "असतं तर सरळ गेलं असतं."

त्या गेल्यावर मी कॅप्टनचं बोलणं घरात सांगितलं. आई लगेच म्हणाली, "मग लिही ना वारा होता म्हणून. वाऱ्याची काय नोकरी जाणारे?"

पप्पा जेवत होते. तीस वर्षं त्यांनी शहरात बस चालवली. ताटातून मान वर न करता ते म्हणाले, "माझी गाडी एकदा टेम्पोवर गेली होती. मी लिहून दिलं, ब्रेक लागला नाही. लागला होता. मी उशिरा दाबला. डेपोतला फिटर सस्पेंड झाला त्यात."

आईसुद्धा हे पहिल्यांदाच ऐकत होती. "मग?" तिने विचारलं.

"मग काय? तो डेपोच्या गेटबाहेर बसून असायचा. मी रोज त्याच्यासमोरून ड्यूटीवर जायचो."

त्यानंतर त्यांनी भात कालवला, पण खाल्ला नाही. मी जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला आणि घडलं तसं लिहिलं, कॅप्टन शिडीवर काय म्हणाले त्यासकट.

चौकशीला तिघं बसले होते. मी त्यांना काहीच सूचना दिली नव्हती, असं कॅप्टननी लिहिलं होतं. एकाने मला विचारलं, "इतक्या गडबडीत तुम्हाला एवढं नक्की कसं आठवतं?"

"मी बघत होते. बघणं हेच माझं काम होतं."

तीन महिने मला उड्डाण न देता जमिनीवर ठेवलं. मग कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग ऐकलं गेलं. त्यात माझा आवाज होता, दोन्ही वेळचा. कॅप्टनना पुन्हा ट्रेनिंगला पाठवलं. मलाही एक वाक्य ऐकवलं: पहिल्याच वेळी तुम्ही 'स्टॉप' म्हणायला हवं होतं. ते खरं होतं. उशीर झालाय म्हणून मीही बिचकले होते. मी ते मान्य केलं, सही केली.

आता मी पुन्हा उडते. काही कॅप्टन माझ्याबरोबर ड्यूटी लागली की बदलून घेतात. घेऊ देत. परवा एकांनी खुर्चीत बसता बसता विचारलं, "तूच का ती, तक्रार करणारी?"

"तक्रार नाही सर, जबाब," मी पट्टा आवळत म्हणाले. "चेकलिस्ट सुरू करू?"