आईला सापडलेला रोमचा बादशहा

सरांनी बीडमध्ये स्वतःचं संग्रहालय उघडलं तेव्हा मीच आईला नांदूरघाटहून बोलावून घेतलं. सर म्हणजे माझे शाळेतले इतिहासाचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या खालच्या मजल्यावर ग्रीक-रोमन वस्तूंचं दालन मांडलं होतं. हिरवी पडलेली नाणी, फुटक्या सुरयांच्या माना, कुठल्याशा लिलावातून आणलेलं नाक तुटलेलं संगमरवरी डोकं.

आईला एकच वस्तू बघायची होती. मी नववीत असताना रानात खुरपताना तिला मातीचं एक पदक सापडलं होतं. रुपयाएवढं, दोरा ओवायला भोक, मध्ये कुरळ्या केसांचा चेहरा. ती ते कुंकवाच्या डबीत ठेवायची. मी वर्गात नेऊन दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी सर घरी हजर. "ताई, हा रोमचा बादशहा. त्यांच्या नाण्यावरून आपल्याकडच्या कारागिरानं ठसा उठवलाय. माझ्याकडं द्या, तुमच्या नावानं जपतो." आईनं पदराला पुसून दिलं.

आता ते काचेखाली होतं. आई चौथी शिकलेली. बोट ठेवून तिनं चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. 'सरांच्या शोधमोहिमेत सापडलेले पदक.'

सर शेजारीच पाहुण्यांना माहिती देत होते. आईनं सरळ विचारलं, "सर, तुमी आमच्या रानात कवा आलतात?"

सर हसले. "ताई, शोध म्हणजे नुसतं उचलणं नसतं. ओळखणं असतं."

माझं डोकं सणकलं. ज्या माणसानं मला पुरावा म्हणजे काय ते शिकवलं, तोच हे बोलत होता! मी चारचौघांत म्हणाले, "मग ओळखलं असं लिहा. सापडलं कावून लिहिलंत?"

पाहुणे वळून आमच्याकडं बघायला लागले. सरांचा चेहरा उतरला. "आवाज खाली. चिठ्ठ्या छापून घेतल्यात, आता बदलता येणार नाही."

"मी कोर्टात टायपिंगच करते सर. उद्या आणून देते."

आई माझा दंड ओढत होती. "चल गं, लई झालं."

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी नेली. आईचं पूर्ण नाव, गाव, रान, सगळं नीट टाइप केलेलं. सरांनी ती चष्म्याखालून वाचली, ठेवून घेतली, आणि मी कृतघ्न निघाले असं जाता जाता ऐकवलं.

महिन्यानं कळलं, नवी चिठ्ठी लागली. वर सरांचं नाव तसंच. खाली बारीक अक्षरात, 'सहकार्य' म्हणून आईचं.

मी फोनवर सांगितलं तर आई खूश झाली. "लागलं की नाव! अजून काय पायजे तुला?"

सहकार्य! पाठ मोडेस्तोवर उन्हात वाकली होती ती, आणि सहकार्य! मी तिला 'हो, लागलं' एवढं म्हटलं आणि फोन ठेवला. पण त्या घरावरून रिक्षा गेली की आजही माझे दात आवळले जातात.