कौसाआत्याची शहरं

मैसूरच्या राजवाड्यासमोर आम्ही चौघं फोटोसाठी उभे होतो. बायको मुलांना नीट उभं राहायला सांगत होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून एक सिस्टर बोलत होत्या. कौसाबाई, राहणार उमापूर, तुमच्या कोण लागतात? मी म्हणालो, आत्या. त्या म्हणाल्या, "त्या गेल्या हो दादा… आत्ताच, साडेचारला." आत्या गेली हे मला कळत होतं, पण ती दवाखान्यात कधी गेली हेच ठाऊक नव्हतं. मी दोनदा विचारलं, कोणत्या कौसाबाई? समोर लोक हत्तीबरोबर फोटो काढत होते आणि माझी धाकटी विचारत होती, बाबा, कुणाचा फोन? या गोष्टीला आता दीड महिना झाला. लिहायला बसलो की हात थांबतो, पण तिच्याबद्दल लिहायला माझ्याशिवाय दुसरं आहे तरी कोण.

याच पुरवणीत काही महिन्यांपूर्वी मी माझ्या आवडत्या शहरांवर लिहिलं होतं. उदयपूर, कोची, पाँडिचेरी. कुठं काय खावं, कुठून सूर्यास्त बघावा, असला मजकूर. आत्याला अक्षरओळख बेताचीच, म्हणून मी तिला तो लेख फोनवर वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत मुकाट ऐकला. मग म्हणाली, "चांगलं लिवलंस. पण कुणाला घिऊन गेलतास ते न्हाई लिवलं." मी म्हणालो, "अगं, फिरायला गेलतो. बायको-पोरं होती सोबत." "मग, काय दुखत होतं त्यांचं?" मी पोट धरून हसलो. ऑफिसातही चार जणांना हा किस्सा सांगितला. आता तो सांगवत नाही. आत्याच्या लेखी माणूस शहरात एकाच कारणानं जातो, कुणाचं तरी दुखतं म्हणून. आणि शहर चांगलं की वाईट, हे तिथून तो माणूस बरा होऊन परत आला की नाही यावर ठरतं.

कौसाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सासरी नांदायला गेली ती दोन वर्षांत माहेरी परत आली. मूलबाळ नाही. मी पाचवीत असताना वडिलांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन अंबाजोगाईला झालं. घरी आम्ही भावंडं लहान, आईला हलता येईना, म्हणून आत्या सोबत गेली. बावीस दिवस राहिली. वडील आपल्या पायांनी चालत घरी आले आणि आत्या परतली ती सगळं शिकूनच. रक्ताची चिठ्ठी कुठल्या खिडकीत द्यायची, एक्स-रेला पेशंट कुठून न्यायचा, डॉक्टर राउंडला आले की काय विचारायचं आणि कुणासमोर गप्प राहायचं. तेव्हापासून अंबाजोगाई तिच्यासाठी जगातलं सर्वांत देखणं शहर झालं. "झाडं बघ कशी हायेत तितली," असं ती म्हणायची. मी पुढं तिथं कॉलेजला गेलो तेव्हा मुद्दाम झाडं बघितली. होती आपली, चारचौघांसारखी.

पुढची तीस वर्षं उमापुरातून कुणालाही बीडच्या पुढं न्यायचं म्हटलं की माणूस आधी आमच्या दारात यायचा. "कौसाबाई, येता का सोबत?" आमचं घर बौद्ध वस्तीतलं. गावातली काही घरं अशी होती, अजूनही आहेत, की आमच्या दारात उभी राहतील पण पाण्याचा तांब्या पुढं केला तर "आत्ताच पिऊन आलो" म्हणतील. त्याच घरांतल्या म्हाताऱ्या दवाखान्यात आत्याच्या हातची पेज प्यायच्या, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायच्या. मला याचा राग यायचा. मी तिला म्हणायचो, तू कशाला मरतेस यांच्यासाठी? ती म्हणायची, "आजारी माणसाला कुठं जात सुचती रे? अन् मला बी न्हाई सुचत तिथं." गावी परत आल्यावर त्यांना जात पुन्हा सुचायची, हे तिलाही दिसत होतं. तरी पुढच्या वेळी ती पिशवी भरायचीच. पिशवीत एक पेला, चमचा, चाकू, जुन्या लुगड्याचे धुतलेले तुकडे आणि दोन कांदे. कांदे कशाला, ते मी कधी विचारलंच नाही.

चार वर्षांपूर्वी मी तिला हट्टानं हैदराबादला नेलं. रुग्ण घेऊन ती तिथं सात-आठ वेळा गेली होती, पण चारमिनार पाहिला नव्हता. मी म्हटलं, या वेळी पेशंट नाही, काही नाही, फक्त बघायचं. चारमिनारसमोर ती दोन मिनिटं मान वर करून उभी राहिली. "लई उंच हाय," म्हणाली आणि पदर नीट करून वळली. मग स्वतःच रिक्षा थांबवून ड्रायव्हरला तिच्या झोकात सांगितलं, "भय्या, बडे दवाखाने के पिच्छू लेके चलो." दवाखान्याच्या मागच्या गल्लीत लिंबाच्या झाडाखाली सिमेंटचा एक बाक होता. तो तिनं हातानं झाडला आणि मला बसवलं. "हितं बोलले चाचा," ती म्हणाली. शेखचाचा म्हणजे आमच्या गावचे शिंपी. त्यांच्या घशात गाठ झाली होती. ऑपरेशननंतर आवाज येईल की नाही, डॉक्टर काही सांगत नव्हते. नवव्या दिवशी आत्या त्यांना ऊन खायला म्हणून या बाकावर घेऊन आली आणि चाचा खरखरत म्हणाले, "कौसा, च्या पाज." मला हे सांगताना साठीची ही बाई त्या बाकावर बसून लहान मुलीसारखी हसत होती. आम्ही तिथंच चहा घेतला. बाकीचं हैदराबाद तिला बघायचं नव्हतं.

एका शहराचं नाव मात्र ती तोंडातून काढायची नाही. ते शहर पुणं, आणि मी वीस वर्षं पुण्यात राहतो. माझी नोकरी लागायच्या आधीची गोष्ट. शेजारची सून, सुंदर तिचं नाव, चोवीस वर्षांची. बाळंतपणानंतर आजार बळावला आणि तिला पुण्याला न्यावं लागलं. आत्या सोबत होती. अकराव्या दिवशी सुंदर गेली. गाडीतून उमापूरपर्यंत आत्या तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, खड्ड्यांनी आदळू नये म्हणून. माझ्या पुण्याच्या घराचा गृहप्रवेश होता तेव्हा ती नवं लुगडं नेसून एसटीत बसली, आणि नगरला उतरून परतीच्या गाडीनं गावी गेली. फोनवर एवढंच म्हणाली, "न्हाई रे जमलं, दिपू. नगरच्या पुढं पाय निघना." मी आठ महिने तिच्याशी बोललो नाही. मला वाटलं, सख्ख्या भाच्याच्या घरापेक्षा परक्याची मेलेली सून हिला मोठी. किती कोता असतो माणूस, आणि आपल्याला ते किती उशिरा कळतं…

या हिवाळ्यात मी गावी गेलो तेव्हा ती खूप वाळली होती. पोटात दुखतं म्हणाली, जेवण जात नव्हतं. मी म्हटलं, उद्याच माझ्याबरोबर पुण्याला चल, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. ती हळूच म्हणाली, "अंबाजोगाईला जाऊ की आपण. तितं गुण येतो." मी चिडलो. सगळं जग उपचारांना पुण्याला येतं आणि हिला उलटं जायचंय. म्हटलं, "खरं सांग, तुला माझ्या घरी यायचंच नाही." "तसं न्हाई रे…" "मग तुझं तू बघ." असं बोललो मी. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात कुणाला तुझं तू बघ म्हटलं नाही, तिला मी हे बोललो आणि सकाळच्या गाडीनं निघून आलो. नंतर फोनवर बोलणं व्हायचं, पण पोटाचं दोघंही काढत नव्हतो. मैसूरला पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "कुठं हायेस?" मी सांगितलं, पोरांना सुट्ट्या आहेत, फिरायला आलोय. "कुणाचं काय दुखत न्हाई ना?" मी नाही म्हणालो. "मग बरं हाय. बघा निवांत," ती म्हणाली. तो फोन तिनं वॉर्डातल्या खाटेवरून केला होता, हे मला नंतर कळलं.

मी अंबाजोगाईला पोहोचलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी. शेखचाचा माझ्या आधी उमापुराहून येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. मला बघून उठले आणि त्याच खरखरत्या आवाजात म्हणाले, "मला बी न्हाई सांगितलं रे तिनं. कुणालाच न्हाई. एकलीच एसटीत बसून आली." कागदपत्रं व्हायला वेळ होता. तिची पिशवी आणायला मी वर बायकांच्या वॉर्डात गेलो. तिची खाट रिकामी होती, चादर काढलेली. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती आणि तिच्याजवळ केजकडची तिची सून. सुनेनं मला पिशवी दिली आणि माझ्याकडं बघत राहिली. "तुमीच का त्यांचे भाचे?" मी मान हलवली. "गाठ कशी पडली न्हाई ओ आपली? तीन दिस मावशी सांगत हुत्या, भाचा हाय सोबत, खाली गोळ्या आणायला गेलाय. कवा म्हणायच्या रिपोर्ट आणायला गेलाय, कवा जेवायला. मी म्हणलं, मावशी, दिसना कावून तुमचा भाचा? तर म्हणल्या, लई धावपळ करतंय माझ्यासाठी लेकरू." खाटेजवळच्या स्टुलाकडं बोट करून ती म्हणाली, "हे सुदिक कुणाला घिऊ देत न्हवत्या. भाचा आल्यावर कुठं बसंल, म्हणायच्या."

एकटी आलेय हे सांगायची तिला लाज वाटली असेल, असं मी आधी स्वतःला समजावलं. पण लाजायची गोष्ट तिची नव्हतीच. माझी होती, आणि ती तिनं तीन दिवस त्या परक्या बायकांपुढं झाकून ठेवली. शेकडो माणसांच्या उशाशी बसलेली ही बाई तिच्या आवडत्या शहरात एका रिकाम्या स्टुलाशेजारी गेली. त्या वेळी मी कुठं उभा होतो, ते वर लिहिलंच आहे.

मी तिथून निघणार तेवढ्यात त्या सुनेनं सासूकडं बघत विचारलं, "दादा, जरा थांबता का आमच्या आत्याबाईपाशी? सकाळपासनं चहा न्हाई घेतला मी." मी स्टुलावर बसलो. म्हातारीचे डोळे मिटलेले होते, हात खाटेच्या बाहेर आलेला. तो उचलून मी चादरीवर ठेवला, तर तिनं माझं बोट धरलं आणि सोडलं नाही. थोड्या वेळानं फरशी पुसणाऱ्या मावशी आल्या. मला बघून थबकल्या. "ओ दादा, बायकांचा वॉर्ड हाय ह्यो. तुमी कोण? पेशंटसोबत हाय का?"

मी म्हणालो, "हो, सोबत आहे."