पेशंट बदलायचा आहे

सोमवारची प्रॅक्टिकल परीक्षा ऑनलाइनच होणार, असं लेकीच्या सरांनी आज दुपारी फोनवर सांगितलं. पेशंट घरचाच चालेल.

लेक एमबीबीएसला आहे. लॉकडाऊनपासून शिरपूरला घरीच. छातीवर बोटांनी ठोकून आवाज ओळखायला ती मोबाइलसमोर माझ्या वडिलांवर, आबांवर शिकली. आबा म्हणायचे, "मी काय टरबूज शे का व माय, ठोकी ठोकी देखी ऱ्हायनी?"

परीक्षेच्या फॉर्मवर तिने पेशंट म्हणून त्यांचंच नाव लिहिलं होतं.

"सर, पेशंट बदलायचा आहे," ती फोनवर म्हणाली.

"का?"

"आबा गेले. कोरोनाने. मागच्या आठवड्यात."

"बरं. दुसरं नाव पाठव."

तिने माझं पाठवलं. सोमवारी दहा वाजता आबांच्याच खाटेवर शर्ट काढून मी आडवा होईन. ती ठोकेल तेव्हा टरबुजाचं न बोलता गप्पच राहावं ना?