रिकामी काख

दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीबाहेर ते माझ्या शेजारी बसले होते. धोतर, पांढरी टोपी, आणि डावा हात अंगाशी असा घट्ट दाबलेला, की काखेत काहीतरी जपून धरलंय असं वाटावं. काख रिकामीच होती.

त्यांना आत बोलावल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांचा मागचा आणि आजचा फोटो पडद्यावर शेजारीशेजारी लावला. दार उघडंच होतं.

"काका, छातीतला डाग जुनाच आहे. वाढलेला नाही."

"मग फोटो द्या की."

"आता तो कॉम्प्युटरमध्येच राहतो. तुमचा मागचाही त्यात घेतलाय. पुढच्या वेळी तुम्ही नुसते या."

बाहेर येऊन ते माझ्यापाशी टेकले. "लई बरं झालं बगा. काखेत ते मोठं पाकीट दिसलं की एसटीत समदे इचारायचे. गेल्या बारीला कंडक्टरनं फोटो खिडकीच्या उजेडात धरला आन् नुसती मान हलवली. मला आठ दिस भाकर ग्वाड लागली न्हाई."

दुखणं एकाचं, पण त्या पाकिटामुळं ते सगळ्या गाडीचं होतं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

पुढे नेकनूरच्या गाडीत आम्ही सोबतच चढलो. मागून त्यांच्या गावच्या कुणीतरी विचारलं, "कुठं गेलता, तात्या?"

"बाजारात."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. बसायला जागा नव्हती. गाडी सुटली तसा तात्यांनी डावा हात अंगापासून सावकाश सोडवला, आणि दोन्ही हातांनी वरची दांडी धरली.